लाकडाची गजाल : सामान झालं, आता वर काय मारू?

दिवाळी झाली की आमच्याकडे ही पत्रं सुरू होतात. पावसाचे चार महिने लोक पडवीत बसून टेबल काय, बाक काय, चौरंग काय, काय काय बनवतात आणि मग ऊन पडलं की हार्डवेअरच्या दुकानात जाऊन डब्यांसमोर उभे राहतात, पीयू (पॉलियुरेथेन) घेऊ की मेलामाइन की तेल, आणि दुकानदार ज्या डब्यावर सुटतं जास्त तो पुढे सरकवतो (सगळे नाही, पण बरेच). म्हणून या वेळी सगळे प्रश्न पॉलिशचेच घेतलेत. माझं वर्कशॉप कुडाळजवळ आहे, त्यामुळे खाली जे काय आहे ते कोकणातल्या हवेचं आहे, पुण्या-नाशिककडच्यांनी थोडं आपापल्या हिशोबाने घ्यावं.

प्रश्न : आमच्या आगरात फणसाचं मोठं झाड होतं, २०२० च्या निसर्ग वादळात पडलं. वडिलांनी मिलवर नेऊन दीड इंची फळ्या काढल्या आणि गोठ्याच्या माळ्यावर रचून ठेवल्या. आता मी आणि गावातल्या मेस्त्रींनी मिळून त्याचं सहा बाय तीन फुटांचं जेवणाचं टेबल केलंय. मेस्त्री म्हणतात मेलामाइन मार, मुंबईचा भाऊ म्हणतो पीयूशिवाय काही टिकत नाही, यूट्यूबवर सगळे तेल तेल करतात. घर समुद्रापासून पाचशे मीटरवर, घरात दोन लहान पोरं. नक्की काय करू? — एक वाचक, हर्णे

दादा, पहिलं म्हणजे झाड जाळायला न देता फळ्या काढल्या त्याबद्दल वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्या वादळात दापोली-मंडणगड-श्रीवर्धनकडे किती आंबे-फणस आडवे झाले आणि किती नुसते सरपणात गेले ते आठवलं तरी जीव कळवळतो.

आता पॉलिश. मी ज्यांच्याकडे शिकलो ते म्हातारे मेस्त्री कुणी पॉलिशचं विचारलं की एकच बोलायचे, "आधी लाकूड सुकांदे, मगे पॉलिशची गजाल." तुमच्या फळ्या इतकी वर्षं माळ्यावर आहेत म्हणजे आतून सुकल्यात यात शंका नाही, इंचाला वर्ष असा ढोबळ हिशोब असतो आणि तुम्ही त्याच्या कितीतरी पुढे आहात. पण आपल्याकडे गोची अशी की सुकलेलं लाकूडही पावसात परत पाणी पितं. जुलैत हवेत आर्द्रता ८५-९० टक्के, तेव्हा उघडं लाकूड हळूहळू १८ टक्क्यांच्या आसपास ओलाव्याला जातं आणि जानेवारी-फेब्रुवारीत १२ च्या जवळ येतं. म्हणजे तुम्ही पावसात जोडकाम केलं असेल तर टेबल आत्ता फुगलेलं आहे. ओलावा मोजायचं मीटर मिळालं तर उत्तम, नाहीतर त्याच फळ्यांचा उरलेला वीतभर तुकडा किचनच्या वजनकाट्यावर ठेवा, वजन लिहा, आठ-दहा दिवसांनी परत करा. वजन उतरायचं थांबलं की समजा तयार. तोपर्यंत डबा उघडू नका.

दुसरं, वरची पाटी खालच्या फ्रेमला कशी बसवलीय बघा. तीन फूट रुंदीचं लाकूड पावसाळा ते उन्हाळा पाच-सहा मिलिमीटर सहज आत-बाहेर होतं आणि कुठलंही पॉलिश, कितीही महागडं, ते थांबवत नाही, फक्त त्याचा वेग कमी करतं. स्क्रू गोल भोकात घट्ट आवळलेले असतील तर पाटी तडकणार आणि नाव पॉलिशचं खराब होणार. मेस्त्रींना सांगून भोकं लांबट करून घ्या, स्क्रूला सरकायला जागा हवी. आणि खालच्या बाजूलाही वरइतकेच हात मारायचे. लोक खालची बाजू कोरी ठेवतात, कोण बघतंय म्हणून, मग ती बाजू जास्त पाणी ओढते आणि वर्षभरात टेबल ताटलीसारखं वाकडं होतं.

मेलामाइन कडक होतं, चकचकीत होतं, स्वस्त पडतं, मेस्त्रींच्या हातातलं आहे. पण मारताना त्यातून फॉर्मल्डिहाइड सुटतं, डोळे झोंबतात ते त्यानेच, आणि वास बरेच दिवस राहतो, लहान पोरांच्या घरात मला ते पटत नाही. शिवाय ते ठिसूळ, लाकूड फुगलं-आकसलं की जोडावर बारीक केसासारख्या चिरा. टू-पॅक पीयू, म्हणजे हार्डनर वेगळं मिसळून मारतात ते, मेलामाइनपेक्षा चांगलं, पाणी, उष्णता, हळदीचे डाग सगळं सोसतं, भाऊ चुकीचं सांगत नाहीये. पण त्यातलं हार्डनर हवेतल्या ओलाव्याशीही रिअ‍ॅक्शन करतं, दमट दिवशी मारलं की बारीक बुडबुडे. आणि स्प्रे करताना साधा कापडी मास्क कामाचा नाही, दमा असलेल्या माणसाने तर त्याच्या जवळपासही जाऊ नये. सगळ्यात मोठं म्हणजे पीयू दुरुस्त होत नाही. पोरांनी काट्याने ओरखडा काढला, त्यातून पाणी आत गेलं, की त्या जागी फिल्म, म्हणजे पॉलिशचा वरचा थर, सुटायला लागते आणि मग अख्खी पाटी घासून परत सुरुवात. शहरात पॉलिशवाला फोनवर येतो, हर्ण्यात कोण येणार?

नुसतं तेल म्हणजे उलटं टोक. दुरुस्तीला सोपं पण गरम भांडं, सांडलेली कढी, माशाचं तिखलं, यापुढे फार टिकत नाही.

म्हणून माझं उत्तर यातलं एकही नाही. साधं तेलावरचं क्लिअर वार्निश घ्या आणि त्यात तितकंच टर्पेंटाईन घाला, अर्धं-अर्धं. हे पातळ वार्निश ब्रशने नाही, जुन्या धुतलेल्या सुती बनियनच्या फडक्याने पुसायचं, पुसायचं म्हणजे खरंच टेबल पुसतो तसं. एक हात इतका पातळ की मारलाय की नाही असं वाटेल. दुसऱ्या दिवशी ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासून दुसरा. असे सहा-सात हात. वेळ जातो पण धूळ चिकटायच्या आत सुकतं आणि आपल्या तांबड्या मातीच्या गावात हा फायदा लहान नाही, रस्त्यावरून एक डंपर गेला की ब्रशने मारलेल्या जाड कोटावर लाल सायच येते. चार-पाच वर्षांनी ओरखडे दिसायला लागले की तेवढं घासायचं आणि वर दोन हात, तुम्ही स्वतः, रविवारी दुपारी.

घासताना ८०, १२०, १८०, २२० या क्रमाने, मधला नंबर गाळायचा नाही आणि कायम रेषेच्या दिशेने. १८० झाल्यावर ओल्या फडक्याने पुसून सुकू द्या, लाकडाचे बारीक केस उभे राहतील, ते २२० ने जातात. हे केलं नाही तर ते केस पहिल्या हाताला उभे राहतात आणि माणूस म्हणतो डबा खराब निघाला.

आणि रंग, म्हणजे स्टेन, अजिबात लावू नका हो. फणस आत्ता हळदीसारखा पिवळा दिसतोय म्हणून लोक घाबरतात, पण उजेडाने तो आपोआप मधासारखा आणि नंतर चांगला तांबूस तपकिरी होतो. फक्त पहिले दोन-तीन महिने टेबलावर एकाच जागी फुलदाणी, मॅट काही ठेवायचं नाही, नाहीतर खाली पिवळं वर्तुळ राहील.

प्रश्न : गणपतीसाठी सागाचा चौरंग बनवला आणि जुलैत त्याला घरीच चपड्याचं (लाखेचं) पॉलिश केलं. पहिले दोन हात छान बसले, तिसऱ्याला सगळं दुधासारखं पांढरं झालं. वर अजून दोन हात मारले तरी जात नाही. लाख भेसळीची असेल का? — एक वाचक, मालवण

लाख बिचारी निर्दोष आहे ताई, दोष तारखेचा आहे. स्पिरिट उडतं तेव्हा पृष्ठभाग गार होतो, अगदी हातावर स्पिरिट घेतल्यावर गार लागतं तसा, आणि जुलैच्या हवेतली वाफ त्या गार जागेवर जमून पॉलिशमध्ये अडकते. ते पांढरं म्हणजे पाणी. वर अजून हात मारलेत म्हणजे पाण्यावर झाकण घातलंत. कधी कधी स्पिरिटमध्येच पाणी असतं, तेही असंच दिसतं, म्हणून स्पिरिटची बाटली उघडी ठेवायची नाही.

बरं झालं चपडाच वापरला, कारण हे सुधारतं. आता कोरडा दिवस बघून, सकाळी अकरा ते तीनच्या मधे, मलमलच्या पुरचुंडीत कापूस बांधून त्यावर थोडंसं नुसतं स्पिरिट घ्या, पुरचुंडी जेमतेम दमट हवी, आणि न थांबता हलक्या हाताने फिरवत जा. थांबलात तर पुरचुंडी चिकटेल. वरचा थर जरा विरघळतो, अडकलेलं पाणी निघून जातं, पांढरेपणा जातो. मेलामाइनवर हे चालणार नाही, सुकलेल्या मेलामाइनला स्पिरिट विरघळवतच नाही.

पुढच्या वर्षी गणपतीचं पॉलिश मे महिन्यात उरका, मिरगाच्या आधी. मला माहितीय कोकणात गणपतीची कामं गणपतीच्या आदल्या आठवड्यातच होतात, माझ्याकडेही होतात, पण चपड्याला तुमची घाई कळत नाही. आणि अगदीच पावसात करायचं झालं तर बंद खोलीत सामान आणि पॉलिश दोन्ही आदल्या दिवसापासून ठेवा, हात अगदी पातळ मारा, आणि शेजारी निरंजन, समई, गॅस काही पेटतं नको, स्पिरिटची वाफ पेट घेते.

बाकी प्रमाण विचारलं नाहीत पण सांगतो, लिटरभर स्पिरिटला दीडशे ते दोनशे ग्रॅम चपडा, काचेच्या नाहीतर प्लास्टिकच्या बरणीत रात्रभर, मधे मधे हलवून, सकाळी कापडाने गाळून. लोखंडी डब्यात नको, काळं पडतं. भिजवलेला चपडा सहा महिन्यांपलीकडे वापरू नये, काचेवर एक थेंब टाकून बघा, तासाभरानेही बोटाला चिकटत असेल तर फेकून द्या. आणि चौरंगावर पाट-वस्त्र घालूनच पूजा करा, तीर्थाचं भांडं थेट ठेवलं की पांढरी गोल खूण पडणारच, लाखेला पाणी आणि उष्णता दोन्ही सोसत नाहीत. पलाश, कुसुम, बोर असल्या झाडांवरच्या किड्याची ती देणगी, तिच्याकडून सगळंच कसं मागणार. सावंतवाडीच्या लाखकामात हीच लाख, रंग मिसळलेली.

प्रश्न : घरचं खोबरेल तेल भरपूर असतं. तेच फर्निचरला लावलं तर? — एक वाचक, आचरा

नको. तेलं दोन जातीची, सुकणारी आणि न सुकणारी. जवस हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्याची पातळ कातडी बनते. खोबरेल कधीच सुकत नाही, ते लाकडात ओलंच राहतं, आठवडाभर मस्त चमकतं, मग धूळ धरतं, मग खवट वास. खोबरेल केसाला.

जवस घ्यायचं तर दुकानात "डबल बॉईल" म्हणून मिळतं ते घ्या, त्यात लवकर सुकण्यासाठी धातूची क्षारं घातलेली असतात. कच्चं जवस सुकायला आठवडे घेतं आणि आपल्या पावसात त्यावर बुरशी मजेत वाढते, तेल तिचं अन्नच. दसऱ्यानंतर लावा, पंधरा मिनिटांनी जे लाकडात मुरलं नाही ते सगळं पुसून काढा.

आणि एक गोष्ट कळकळीने. जवसाची फडकी चुरगाळून टोपलीत टाकू नका. तेल सुकताना उष्णता निघते, चुरगाळलेल्या गोळ्यात ती अडकते आणि फडकं आपोआप पेटतं, काडी लागत नाही. मी हे पुस्तकात वाचलं होतं आणि तरी एकदा संध्याकाळी फडकी भुशाच्या डब्यात टाकून जेवायला गेलो. परत आलो तर डब्यातून धूर. पाणी ओतलं म्हणून वर्कशॉप वाचलं, बायकोचं बोलणं मात्र अजून चालू आहे. तेव्हापासून फडकी कंपाऊंडच्या तारेवर एकेक पसरून वाळत घालतो, कडक झाली की फेकतो.

प्रश्न : आजोबा वाशांना आणि होडीला काजूच्या टरफलाचं तेल लावायचे, वाळवी कधी लागली नाही. पडवीतल्या नवीन झोपाळ्याला ते लावू का? आंब्याच्या लाकडाचा आहे. — एक वाचक, वेंगुर्ला

आजोबांचं बरोबर होतं, तुमचं चुकतंय, कारण वाशावर कुणी बसत नाही. काजू, बिब्बा आणि आंबा एकाच कुळातले. आंब्याचा चीक ओठाला लागून फोड आलेला माणूस आपल्याकडे घरोघरी सापडेल, टरफलाचं तेल त्याच्या कितीतरी पट जहाल. ते काळपट होतं, सुकायला फार वेळ घेतं आणि पूर्ण सुकलं असं वाटलं तरी घामेजल्या मांडीखाली काय होईल याचा मला भरवसा नाही. छपराचे वासे, रिपा, जमिनीत जाणारे खांब, यांना जरूर लावा, रबरी हातमोजे घालून. झोपाळ्याला नाही.

पण तुमच्या प्रश्नात खरी काळजीची गोष्ट पॉलिश नाहीच, लाकूड आहे. आंब्याला भुंगा लागतो, खाली पिठासारखी पांढरट पूड पडायला लागली की समजा आत कार्यक्रम सुरू. वरून पॉलिश मारून आतला किडा मरत नाही. कोरं लाकूड असतानाच बोरिक अ‍ॅसिड आणि बोरॅक्सचं पाणी चांगलं दोन-तीनदा पाजा, गरम पाण्यात विरघळवून ब्रशने, आडव्या कापाच्या टोकांना जास्त. सुकू द्या आठवडाभर, मग वर वार्निश. हे औषध पाण्याने धुऊन जातं म्हणून वर फिल्म हवीच आणि झोपाळा पावसाची झड येते तिथे नको. पडवीत झड येत असेल तर जूनमध्ये काढून ओटीवर लटकवा, पूर्वी तसंच करायचे.

प्रश्न : आमचं होमस्टे आहे. अंगणात समुद्राकडे तोंड करून सागाचे चार बाक केलेत. दरवर्षी वार्निश मारतो आणि दरवर्षी पापुद्रे निघतात, आता तर स्क्रूभोवती काळे डागही आलेत. कुठलं वार्निश टिकेल? — एक वाचक, तारकर्ली

कुठलंच नाही. पारदर्शक वार्निशमधून ऊन आत जातं आणि वार्निशच्या खालचा लाकडाचा थर खराब करतं, वार्निश ज्याला धरून बसलंय तीच जागा सुटते. मग पापुद्रे. मरीन वार्निश घेतलं तर थोडं जास्त चालेल, लवचिक असतं आणि उन्हाविरुद्ध औषध असतं, पण तेही सात-आठ हात आणि दर वर्ष-दीड वर्षाने नवा हात, चार बाकांचा हिशोब करा.

मी असतो तर सगळं खरवडून काढलं असतं आणि साग कोरा ठेवला असता. वर्षभरात राखाडी-चंदेरी होतो, होड्यांच्या डेकवर बघितला असेल, आणि साग स्वतःच्याच तेलावर बाहेर वर्षानुवर्षं काढतो. पाहुण्यांना तो रंग आवडतो, फोटो काढतात. राखाडी नकोच असेल तर ऑइलपेंट, रंग अपारदर्शक असतो म्हणून ऊन अडतं. आपल्याकडच्या होड्या उगाच निळ्या-हिरव्या नाहीत.

काळे डाग म्हणजे लोखंडी स्क्रू आणि सागातलं टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) यांचं लग्न. खारी हवा आहेच वाजंत्री. स्क्रू काढून स्टेनलेसचे घाला, ३१६ नंबरचं स्टील मागा, नाहीतर पितळी. डागांवर ऑक्झॅलिक अ‍ॅसिड, लिटरभर गरम पाण्यात पन्नासेक ग्रॅम, ब्रशने लावून अर्ध्या तासाने भरपूर पाण्याने धुवा. विषारी आहे, हातमोजे घाला, पोरं-मांजरं लांब, आणि सुकल्यावर घासताना तोंडाला मास्क. स्क्रू न बदलता नुसते डाग काढलेत तर पुढच्या पावसात मला परत पत्र लिहाल.

प्रश्न : सुतार म्हणतो तीन पातळ हातांपेक्षा एक जाड हात दिला की झालं. — एक वाचक, कणकवली

जाड हात वरून सुकतो, आतून ओला राहतो, सुरकुत्या पडतात. सुताराला दुपारी दुसऱ्या कामावर जायचं असेल.

प्रश्न : मुलाने शिवणीच्या लाकडाचं पोळपाट-लाटणं आणि एक काठवट करून दिलीय. त्याला काय लावू? मुलगा पॉलिश करूया म्हणतोय. — एक वाचक, राजापूर

काकी, मुलाचं कौतुक करा पण पॉलिशचा डबा हातातून काढून घ्या. रोज पाणी, रोज घासणं, लाटण्याचा दाब, कुठलीही फिल्म काही महिन्यांत निघणार आणि निघालेलं कुठे जाणार, पोळीत. डबल बॉईल जवसही इथे नको, त्यातल्या त्या क्षारांमुळे. मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन मिळतं, पोट साफ होण्यासाठी देतात ते, त्याला वास-चव नाही आणि खवट होत नाही. चार वाट्या पॅराफिनमध्ये एक वाटी मधमाश्यांचं मेण, डबलबॉयलरसारखं पाण्यात भांडं ठेवून वितळवा, थेट आचेवर नको. कोमट असताना चोळा, रात्रभर ठेवा, सकाळी पुसून टाका. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, लाकूड पांढरट दिसायला लागलं की.

हे करायचा कंटाळा असेल तर काही न लावताही चालतं, आपल्या आज्यांची काठवट कोरीच होती. फक्त पाण्यात भिजत टाकायची नाही, धुतली की लगेच पुसून भिंतीला उभी टेकवायची, सावलीत, दोन्ही बाजूंनी वारा लागेल अशी. उन्हात ठेवलीत तर संध्याकाळपर्यंत तडा.